विश्लेषण : कोंबडीखतातून गॅस निघतो, मग खान्देशात गणित अडते कुठे?

नवापूर हे नाव महाराष्ट्राबाहेर दोन गोष्टींमुळे पोहोचले. एक म्हणजे तिथले रेल्वे स्थानक, जे अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे. दुसरी गोष्ट कमी गमतीची. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातला पहिला बर्ड फ्लू याच गावच्या पोल्ट्री फार्ममध्ये असल्याचे जाहीर झाले. पाठोपाठ मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांत परसातल्या कोंबड्यांनाही लागण झाल्याचे आढळले. पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, नवापुरात पुन्हा तेच घडले आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या.

साथ आली की कॅमेरे येतात. पण नवापूरच्या शेडखाली जे रोज साचते, त्याची बातमी होत नाही. अंडी देणारी एक कोंबडी दिवसाला साधारण १०० ग्रॅम विष्ठा टाकते. १० हजार कोंबड्यांचा फार्म म्हणजे रोज एक टन. त्यावर माशा, आजूबाजूच्या वस्तीला वास, पावसाळ्यात ओघळ. या विष्ठेपासून बायोगॅस करावा, ही सूचना गेली काही वर्षे सरकारी योजनांत, कृषी प्रदर्शनांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या व्हिडिओंत सतत दिसते. ‘कचऱ्यातून सोने’ अशा मथळ्याखाली ती फार सोपी वाटते. ती खोटी नाही. पण खान्देशात ती उतरवायची तर अडचण यंत्रात कमी आणि हिशेबात जास्त आहे.

गॅस किती निघतो?

गोबरगॅस ग्रामीण महाराष्ट्राला नवा नाही. खादी ग्रामोद्योग आयोगाची तरंगत्या झाकणाची टाकी साठच्या दशकात आली. देशात घरगुती बायोगॅस संयंत्रे सर्वाधिक बांधणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आहे. त्यातली किती आज चालू आहेत, हा वेगळा आणि थोडा दुखरा विषय.

तत्त्व तेच. हवा नसलेल्या बंद टाकीत जिवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवतात. आधी मोठे रेणू तुटतात, मग आम्ले तयार होतात आणि शेवटी एका खास गटाचे जिवाणू त्या आम्लांपासून मिथेन बनवतात. निघणाऱ्या वायूत साधारण ६० टक्के मिथेन, उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड.

एक किलो शेणापासून सुमारे ०.०४ घनमीटर वायू मिळतो. कोंबडीच्या ताज्या विष्ठेपासून त्याच्या दीडपट, म्हणजे ०.०६ घनमीटरच्या आसपास. कोंबडीच्या खाद्यातला बराच भाग न पचता बाहेर पडतो, हे त्याचे एक कारण. याउलट गाईने चार पोटांतून पिळून काढलेल्या चाऱ्याचे शेण होते. त्यात जिवाणूंसाठी फारसे काही उरत नाही.

म्हणजे १० हजार कोंबड्यांचा फार्म रोज ६० घनमीटर वायू देऊ शकतो. स्वयंपाकाच्या गॅसच्या भाषेत सांगायचे तर सुमारे २६ किलो, म्हणजे घरगुती दोन सिलिंडरना थोडा कमी. जनित्रावर चालवला तर साधारण ९० ते १०० युनिट वीज. आकडा बरा आहे. व्हिडिओ सहसा इथेच संपतो.

शेण आणि विष्ठा यांत फरक काय?

गाय लघवी वेगळी करते, कोंबडी करत नाही. तिचा नत्र युरिक आम्लाच्या रूपात विष्ठेतच पांढऱ्या थराने येतो. टाकीत गेल्यावर त्याचा अमोनिया होतो. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण शेणात साधारण २५ ला १ असते, तेच मिथेन बनवणाऱ्या जिवाणूंना मानवते. कोंबडीच्या विष्ठेत ते १० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली जाते. नुसती विष्ठा भरत गेले की काही आठवड्यांत टाकीत अमोनिया साचतो, जिवाणू मंदावतात, आम्ले वाढतात आणि गॅस बंद पडतो. शेतकऱ्याला वाटते, संयंत्र खराब निघाले. खरे तर टाकीला अपचन झालेले असते.

यावर पहिला उपाय पाणी. ताज्या विष्ठेत घन भाग पाव टक्क्यांत नव्हे, तर जवळपास पाव हिस्सा असतो. टाकीत तो ८ ते १० टक्क्यांवर आणावा लागतो. एक टन विष्ठेला दीड ते दोन टन पाणी, तेही रोज. धुळ्याच्या पूर्व भागात किंवा अमळनेर-पारोळ्याकडे उन्हाळ्यात हे कोणाला सांगून पाहावे! टाकीतून बाहेर पडलेले पाणी गाळून पुन्हा वापरता येते आणि मोठे प्रकल्प तसे करतातही. मात्र त्या पाण्याबरोबर अमोनियाही परत आत येतो. पाणी वाचवले की नत्र वाढतो, नत्र कमी करायचा तर पाणी लागते.

दुसरा उपाय मिश्रणाचा. कर्ब जास्त आणि नत्र कमी असलेला काडीकचरा विष्ठेत मिसळायचा. खान्देशात असा माल भरपूर आहे, असे लगेच सुचते. कपाशीच्या पराट्या? त्या लाकडासारख्या असतात. त्यांतले लिग्निन जिवाणूंना सहजी पचत नाही, आधी बारीक दळून प्रक्रिया केली तरच काही उपयोग. केळीचे खोड मात्र चांगला उमेदवार आहे. जळगावच्या केळीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. पण घड कापल्यावर शेतात उभे राहणारे खोड शेतकऱ्याला बहुतेकदा ओझेच वाटते. त्यात नव्वद टक्के पाणी असते, त्यामुळे पाण्याचा प्रश्नही थोडा हलका होतो. तंतू मात्र टाकीतल्या ढवळणीला गुंडाळतात, त्यामुळे आधी बारीक कुट्टी करावी लागते.

इथे नकाशा आडवा येतो. अंडी देणाऱ्या कोंबड्यांची दाटी नवापुरात, खान्देशच्या पश्चिम टोकाला. केळी रावेर-यावलला, पूर्व टोकाला. मधले अंतर अडीचशे किलोमीटरच्या घरात. नव्वद टक्के पाणी असलेले खोड ट्रकने एवढ्या लांब नेणे म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहणे. नवापूरला जवळचे काय आहे ते पाहावे लागेल. तालुक्यात भात होतो, त्याचा पेंढा आहे. डोकारे येथे आदिवासी सहकारी साखर कारखाना आहे, गाळप हंगामात तिथली प्रेसमड मिळू शकते. महाराष्ट्रातले बरेच मोठे बायोगॅस प्रकल्प आज प्रेसमडवरच बेतलेले आहेत.

जळगाव-धुळ्याच्या बाजूला उलटी स्थिती. तिथे काडीकचरा शेजारी आहे, पण कोंबड्या विखुरलेल्या आहेत. कंपनीच्या करारावर पिल्ले वाढवणाऱ्या बॉयलरच्या शेडमध्ये विष्ठा रोज हाती येतच नाही. खाली भाताच्या तुसाचा थर असतो, त्यातच ती मिसळत जाते आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी बॅच गेली की सगळे एकदम निघते. कोरडे, तूसमिश्रित आणि तुसामुळे पचायला अवघड. टाकीला मात्र रोजचा घास हवा असतो.

विष्ठा खरेच कचरा आहे का?

सगळ्या चर्चेत सर्वात कमी विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. कारण शेतकऱ्याच्या लेखी कोंबडीखत हा माल आहे. केळी, कांदा, कपाशी, मिरची, नाशिककडची द्राक्षे यांना ते लागते आणि व्यापारी शेडवर ट्रॅक्टर किंवा ट्रक लावून ते उचलतात. करारावर बॉयलर वाढवणाऱ्याला पक्ष्यामागे वाढणावळ मिळते. पिल्ले आणि खाद्य कंपनीचे, खत मात्र सहसा त्याचे. बॅच वाईट गेली तरी खताचे पैसे हातात येतात. लेअर फार्मवाल्याचेही तसेच. अंड्याचा दर उत्पादन खर्चाखाली गेला की कामगारांचा पगार खतातून निघतो, असे हा धंदा करणारे सांगतात.

बायोगॅस प्रकल्पाचा अहवाल ‘कच्चा माल मोफत’ असे धरून लिहिला जातो, तेव्हा तो या माणसाच्या खिशातून काढलेला असतो. प्रकल्प उभा राहिला की मालाला भाव येतो आणि अहवालातला नफा जातो.

यावर उत्तर आहे, आणि ते बरेचसे बरोबरही आहे: गॅस काढल्याने खत संपत नाही. टाकीत जळतो तो कर्ब. नत्र, स्फुरद, पालाश स्लरीत राहतात. नत्र तर अमोनियाच्या रूपात पिकाला लवकर मिळेल असा होतो. उघड्या ढिगातून तोच नत्र हवेत उडून जात असतो. शेडजवळ डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. ताज्या विष्ठेच्या टनामागे साधारण १२ ते १५ किलो नत्र धरला, तर तो वाचवण्याला किंमत आहे.

पण वाळलेले कोंबडीखत गोणीत भरता येते. स्लरी भरता येत नाही. एक टन विष्ठा आत गेली की जवळपास तीन टन पातळ स्लरी बाहेर येते. ती टँकरने दहा किलोमीटरपलीकडे नेणे परवडत नाही. शेतकरी सवयीने पावसाआधी, जमीन मोकळी असताना खत टाकतो. टाकी मात्र बाराही महिने स्लरी सोडत असते. ती साठवायला तळे हवे, नाही तर दाबून घन भाग वेगळा काढून वाळवायची यंत्रणा हवी. केंद्राने २०२३ मध्ये अशा प्रकल्पांतल्या सेंद्रिय खतासाठी टनाला १,५०० रुपयांचे विपणन साहाय्य मंजूर केले ते याच कारणाने. देशभरातल्या बायोगॅस प्रकल्पांचे अनुभव पाहिले तर गॅस विकला जातो, अडकते ते खत. पोल्ट्रीच्या बाबतीत हे अधिकच खरे, कारण शेतकऱ्याकडे तुलनेला कोरड्या कोंबडीखताची गोणी आधीपासून आहे.

मोठा प्रकल्प की शेडमागची टाकी?

सरकारी धोरणाचा भर मोठ्या प्रकल्पांवर आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘सतत’ योजनेत बायोगॅस शुद्ध करून, दाबून, सीएनजीसारखा विकण्याचे पाच हजार प्रकल्प २०२३ पर्यंत उभारायचे ठरले होते. प्रत्यक्ष आकडा त्याच्या जवळपासही गेला नाही. आता वाहनांचा सीएनजी आणि घरगुती पाइप गॅस विकणाऱ्या कंपन्यांवर असा वायू मिसळण्याचे बंधन आले आहे: २०२५-२६ मध्ये १ टक्का, त्यानंतर ३, ४ आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. त्यामुळे ग्राहक मिळण्याची खात्री पूर्वीपेक्षा वाढली आहे.

आता कोंबड्या मोजू. एक घनमीटर बायोगॅस शुद्ध केला की सुमारे ०.४ किलो दाबलेला वायू उरतो. रोज एक टन वायू काढायचा तर अडीच हजार घनमीटर बायोगॅस लागेल, म्हणजे ४० टनांहून थोडी जास्त विष्ठा. म्हणजे चार लाखांवर कोंबड्या. केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचे अनुदान रोज ४,८०० किलो वायूच्या प्रकल्पाला ४ कोटी या मापाने मोजले जाते. तेवढा वायू केवळ विष्ठेवर काढायचा तर वीस लाख कोंबड्या हव्यात. एकट्यादुकट्या फार्मचे हे काम नाही, हे उघड आहे.

ज्या ठिकाणी ते जमले, तिथे कोंबड्या एका आवारात किंवा एका तालुक्यात दाटलेल्या आहेत. बीजिंगजवळच्या देचिंगयुआन फार्मवर तीस लाख कोंबड्या एकाच मालकाच्या होत्या. रोजच्या दोनशे टनांहून अधिक विष्ठेवर तिथे दोन मेगावॅटचा प्रकल्प चालला. आपल्याकडे तमिळनाडूतल्या नामक्कलमध्ये पोल्ट्रीच्या विष्ठेवर वीज आणि पुढे दाबलेला वायू असे दोन्ही प्रयोग झाले. नामक्कल ही देशातली अंड्यांची मोठी पेठ; तिथे माल गोळा करायला लांब जावे लागत नाही. जळगावातही एक वेगळे उदाहरण आहे. जैन इरिगेशनने फळे आणि कांदा प्रक्रियेतून उरणाऱ्या टाकाऊ मालावर बायोगॅस आणि वीजनिर्मिती उभी केली. कच्चा माल कारखान्याचा, वापर कारखान्यातच. मधला व्यापारी नाही, वाहतूक नाही. खान्देशात बायोगॅस चालतो की नाही, हा प्रश्न त्यामुळे उरत नाही. प्रश्न मालकी आणि अंतराचा आहे.

नवापूरला दाटी आहे, पण मालक अनेक आहेत. सामायिक प्रकल्प काढायचा तर प्रत्येकाशी विष्ठेचा दर, ओलावा, वाळू-पिसांचे प्रमाण यांचे करार करावे लागतील. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना कवचासाठी शिंपल्यांचा चुरा, चुनखडी खाऊ घालतात. तो चुना टाकीच्या तळाशी बसतो आणि दोन-तीन वर्षांत जागा खाऊन टाकतो. पिसे वर तरंगून थर धरतात. दुधाच्या संकलनात फॅट मोजतात तसे इथे काहीतरी मोजावे लागेल, नाही तर पाणी मारलेला माल येत राहील. खान्देशात सहकाराची परंपरा आहे आणि बुडालेल्या सहकाराचीही.

लहान टाकीचे गणित वेगळे आहे आणि कदाचित अधिक खरे. १० हजार कोंबड्यांच्या फार्मने ६० घनमीटर वायूची वीज करायला जाऊ नये. कुक्कुटपालनाला महावितरणच्या दरपत्रकात ‘शेती – इतर’ वर्गाचा दर लागतो, तो व्यापारी दरापेक्षा कमी आहे. शिवाय शेडच्या पत्र्यावर सौर पॅनेल टाकणे जनित्र सांभाळण्यापेक्षा सोपे. विष्ठेच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड जास्त असतो. तो लोखंडी किसाच्या गाळणीतून काढला नाही तर इंजिन खातो आणि कोंडलेल्या जागेत साचला तर माणूसही मारतो. टाकीत उतरलेल्या मजुरांचे मृत्यू दरवर्षी होतात.

उष्णतेसाठी मात्र हा वायू थेट कामाचा. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश ऊब लागते. जानेवारीत खान्देशातल्या रात्री दहा अंशांखाली जातात, तेव्हा कोळसा, लाकूड किंवा सिलिंडर जाळले जातात. अडचण एवढीच की त्याच थंडीत टाकीतले जिवाणूही सुस्तावतात आणि गॅस घटतो. जमिनीत पुरलेली टाकी, वर पाचटाचे आच्छादन, गॅसचाच थोडा भाग टाकीतले पाणी कोमट करायला, असे उपाय आहेत. मे महिन्यात भुसावळात पारा ४५ वर जातो तेव्हा गॅस भरपूर आणि ऊब कोणालाच नको.

बर्ड फ्लूचे काय?

विषाणू विष्ठेतून पसरतो. ताज्या विष्ठेत तो थंडीत, ४ अंशांना, महिनाभराहून अधिक टिकतो. ३७ अंशांना साधारण सहा दिवस. म्हणजे एका शेडचे कोंबडीखत ट्रकमधून दुसऱ्या गावी जाणे, हा साथीच्या दृष्टीने धोक्याचाच प्रवास आहे. तो शेडच्या मागच्या टाकीत संपला तर धोका कमी होतो. बायोगॅसच्या बाजूने खान्देशात सर्वात मोठा मुद्दा हाच असायला हवा होता, पण तो प्रकल्प अहवालांत क्वचित दिसतो.

त्यालाही मर्यादा आहेत. ३५ अंशांच्या साध्या टाकीवर निर्जंतुकीकरणासाठी विसंबता येत नाही. ५५ अंशांच्या टाकीत एच५एन१ काही तासांत निष्क्रिय होतो, पण त्या तापमानाला अमोनियाचा जाचही वाढतो. आणि सामायिक प्रकल्पात तर धोका उलटतो: दहा फार्मवर फिरणारा एकच टँकर. त्याची धुलाई, मार्ग, चालकाचे बूट हे सगळे आधी ठरवावे लागते.

त्याहून अवघड प्रश्न साथीनंतरचा. नवापुरात २००६ आणि २०२१ मध्ये काही दिवसांत शेड रिकामी झाली. बाधित क्षेत्रातला माल बाहेर नेता येत नाही आणि शेड पुन्हा भरायला कित्येक महिने जातात. तेवढा काळ टाकीला घास कोण देणार? जिवाणू उपाशी राहिले की संयंत्र पुन्हा सुरू करायला शेण घालून आठवडेच्या आठवडे जातात. मोठ्या प्रकल्पावर बँकेचा हप्ता थांबत नाही. केवळ कोंबड्यांवर उभा केलेला प्रकल्प नवापुरात दर पंधरा वर्षांनी बंद पडू शकतो, हे इतिहासातच लिहिलेले आहे. पेंढा, प्रेसमड, शेण, बाजार समितीचा भाजीपाला यांतले काहीतरी पहिल्या दिवसापासून करारात असले, तरच तो टिकेल.

मग हालचाल कशामुळे होईल?

बहुधा गॅसच्या दरापेक्षा नियमांमुळे. एक लाखापर्यंत पक्षी असलेल्या फार्मना पूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीची गरज नव्हती. राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०२० मध्ये ही सूट तपासायला सांगितली आणि केंद्रीय मंडळाच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी पाच हजारांहून अधिक पक्षी असलेले फार्म संमतीच्या कक्षेत आणले. विष्ठेचे काय करता, हे आता कागदावर सांगावे लागते. ‘शेतकऱ्याला विकतो’ हे उत्तर आजही चालते आणि ते बहुतेकदा खरेही असते. पण ढीग झाकलेला आहे का, खाली पक्की फरशी आहे का, पावसाचे पाणी कुठे जाते, हे पुढचे प्रश्न आहेत. फरशी, छप्पर आणि गटार यांवर खर्च करावाच लागणार असेल, तर त्यात टाकीची भर किती पडते, असा हिशेब फार्मवाला करू शकतो. आज तो टाकीचा सगळा खर्च दोन सिलिंडरच्या किमतीशी ताडून पाहतो आणि नाही म्हणतो.

केंद्राच्या बायोगॅस कार्यक्रमात १ ते २५ घनमीटरची टाकी ‘लहान’ आणि २५ ते २,५०० घनमीटरची ‘मध्यम’ धरली जाते. नवापूरचा ठरावीक फार्म या मध्यम गटात बसतो. या गटाला मदत वीज किंवा उष्णता यांच्या क्षमतेवर मिळते. स्लरी वाळवण्याची जागा आणि यंत्र यांचा खर्च मालकालाच पाहावा लागतो.